बॅगा मोजा, माणसं आपोआप येतील

सहकुटुंब, सहपरिवार, रेल्वेने कोकण आणि गोवा पाहण्याचा संकल्प सोडलेल्यांसाठी ही मार्गदर्शिका. प्रस्तुत लेखकाने हा प्रवास आठ माणसं आणि अकरा बॅगा घेऊन चार वेळा केला आहे आणि चारही वेळा डोंबिवलीच्या पुलावर "हे शेवटचं" असं जाहीर केलं आहे. तेव्हा शब्दाला वजन आहे.

आरक्षण गाडीच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. घरातलं एकमत ५९ दिवस आधी संध्याकाळी होतं. म्हणून एकमताच्या नादी लागू नये. आधी तिकिटं काढावीत आणि मग जेवताना सहज विचारावं, "जायचं का कुठे?" एका तिकिटावर सहाच माणसं मावतात. आठांचं कुटुंब म्हणजे दोन तिकिटं आणि नशीब नेहमीसारखं असेल तर दोन डबे. अशा वेळी एका डब्यात माणसं आणि दुसऱ्या डब्यात जेवणाचे डबे अशी वाटणी होणार नाही, एवढं पाहावं. आमची झाली होती. गाडी धावत असताना धाकट्याने सात डबे ओलांडून थालीपिठं आणली. वाटेत दोन कुटुंबांनी त्याला पॅन्ट्रीवाला समजून भाव विचारला.

वय खरं सांगावं. साठीच्या पुरुषांना आणि ४५ पूर्ण केलेल्या बायकांना शक्यतो खालचा बर्थ मिळतो. आमच्या वहिनीने फोनवर ४३ सांगितलं आणि रात्रभर वरच्या बर्थवर पंख्याशी गप्पा मारत पडली. दादाला सगळं माहीत होतं. तो काही बोलला नाही. चोवीस वर्षांचा संसार झालेला माणूस अशा विषयावर बोलत नसतो.

आरएसी मिळाली तर हळहळू नये. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी समोरासमोर बसून रात्र काढायची, तिला आरएसी म्हणतात. तिथे घरातली भांडणं बसवावीत. बाबा आणि आत्या यांच्यात गावच्या फणसावरून बारा वर्षं अबोला होता. पनवेलपर्यंत दोघांनी तो नेटाने सांभाळला. मग आत्याचा पाय आखडला, बाबांनी आपले पाय जरा आत घेतले आणि रोह्याला, जिथून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते तिथे, "फणस कापा होता की बरका" या मुद्द्यावर बोलणी सुरू झाली. बाकीच्या डब्याला त्या रात्री झोप लागली नाही, हा तपशील वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोकण रेल्वेतून समुद्र दिसतो असं मुलांना चुकूनही सांगू नये. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला. नाव कोकण असलं तरी महाराष्ट्रात तो किनाऱ्यापासून बराच आतून जातो. दिसतात त्या खाड्या, जांभ्याच्या कापलेल्या लालभडक भिंती आणि बोगदे. बोगदे नव्वदच्या वर आहेत. आमची धाकटी कन्या तीन तास काचेला नाक लावून होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, समुद्र काळा असतो का?"

बोगद्यांचा मात्र उपयोग करून घ्यावा. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. आत फोनची रेंज जाते आणि कुटुंबातली माणसं एकमेकांकडे बघतात. बऱ्याच दिवसांनी बघत असल्यामुळे थोडी दचकतात. अवघड विषय, म्हणजे कोणी किती पैसे काढायचे वगैरे, इथेच उरकावेत. कोणाला उठून जाता येत नाही.

स्टेशन गावात असतं हा घाटावरच्या माणसांचा गोड गैरसमज आहे. रत्नागिरीचं स्टेशन रत्नागिरीच्या बाहेर, सावंतवाडीचं सावंतवाडीच्या बाहेर. मालवणला तर रेल्वेच नाही. कुडाळला उतरायचं आणि पुढे रस्त्याने जायचं. रिक्षावाल्याशी घासाघीस करायला बाबांना पुढे करू नये. ते आधी आपलं मूळ गाव सांगतात, मग त्याचं विचारतात. मग त्याच्या चुलत्याची ओळख निघते आणि भाडं दहा रुपयांनी वाढतं, कारण ओळखीत कमी कसं देणार?

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहावाच. थिबा या ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला १९१० मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं वेटिंग लिस्ट! कन्फर्म झाल्यावर सहा वर्षांत, १९१६ साली, राजा गेला. त्याचं दफनही इथेच झालं. १९१९ मध्ये राणी मायदेशी परतली. हे सगळं मी घरच्यांना राजवाड्याच्या पायरीवर उभा राहून तळमळीने सांगितलं. आईने गच्चीकडे, मग लांबच्या खाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या माणसाचा स्वयंपाक कोण करत होतं रे?" इतिहासाची पुस्तकं या प्रश्नावर सहसा गप्प असतात. मीही गप्प राहिलो.

कुडाळकडे निघाल्यावर पानवल नदीचा पूल येतो. उंची ६४ मीटर. त्या वेळी नेमकं कोणीतरी वरच्या बर्थवरून बॅग काढत असतं.

मालवणहून सिंधुदुर्गला होडीने जावं लागतं आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. महादरवाजा असा वळणात दडवला आहे की होडी अगदी जवळ गेली तरी तो दिसत नाही. दादाला तो उतरल्यावरही दिसला नाही. त्याने तटाला समांतर चालत जाऊन दोन मासेवाल्यांना वाट विचारली. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे! आत्या प्रत्येकीपाशी वाकून बघून आली आणि म्हणाली, "आपल्या सोसायटीचे लोक इथे पाठवायला हवेत." या सहलीत इतिहासावर झालेलं हे एकमेव गंभीर भाष्य.

जेवणाबद्दल वेगळं सांगायला नको. फक्त घरातून आणलेली थालीपिठं मालवणच्या खाणावळीत काढू नयेत. समोर तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी असताना आईने पिशवीत हात घातला होता. वाढणाऱ्या काकूंनी नुसतं बघितलं. आईने हात बाहेर काढला. रिकामा.

जुनं गोवं पाहण्यासाठी करमळीला उतरावं. गोव्यासाठी म्हणून पुरुष मंडळी फुलाफुलांची बर्म्युडा घेतात. ती बीचवर ठीक. बॉम जेझू बॅसिलिकात, जिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष चांदीच्या पेटीत आहेत, तिथे उघडे गुडघे घेऊन जाणं बरं नव्हे. दादाला वहिनीने ओढणी दिली. ती नेसून, जांभ्याच्या त्या भव्य लाल दर्शनी भिंतीपुढे, तो १६०५ साली पूर्ण झालेल्या वास्तूइतकाच गंभीर उभा होता. फोटो आहे. तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये असं ठरलं होतं.

परतीची गाडी दिवसाची घ्यावी. जाताना झोपेत गेलेलं सगळं येताना दिसतं, तेही झोपेत नसलात तर. बाबा आणि आत्या यांना या वेळी दोन स्वतंत्र, कन्फर्म बर्थ मिळाले होते. चिपळूण येईपर्यंत दोघं एकाच बर्थवर बसून तिसऱ्याच कोणाच्या तरी आंब्याच्या कलमावर बोलत होते.

प्रत्येक स्टेशनावर बॅगा मोजाव्यात. घरी पोचल्यावर पुन्हा एकदा मोजाव्यात. आमच्या अकरा निघाल्या होत्या, चौदा आल्या. वाढलेल्यांपैकी दोन आत्याच्या. तिसरीवर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही. आतून कोकमाचा वास येतो, म्हणून आई म्हणते, राहू दे.