कंपनी फिटिंग

आमच्या घरी गणपती आणि गाडी या दोन गोष्टींविषयी शंका काढायची सोय नव्हती. गणपतीचं आजी बघायची, गाडीचं बाबा. "इंजिनाला अजून पाना लागलेला नाही. कंपनी फिटिंग!" हे ते आल्यागेल्याला सांगत. पाहुण्याचा चहा संपेपर्यंत त्याला एवढं तरी कळलेलं असे की ही प्रीमियर पद्मिनी वालचंद हिराचंदांच्या कंपनीची, जन्म कुर्ल्याचा, माहेर इटलीतल्या फियाट ११०० कडे आणि इंजिन १०८९ सीसीचं. बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर हे वाक्यही. मीही ते इमानानं म्हणत आलो.

मग गाडी निळा धूर सोडायला लागली. निळा म्हणजे रिंगा झिजल्या, इंजिन ऑइल पितंय. गॅरेजवाला म्हणाला, "करून देतो, पण कधी ते विचारू नका." मी नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. निवृत्त माणसाला आपल्याला काहीही जमेल असं वाटायला लागतं, हे बँकेनं निरोपाच्या भाषणात खरं तर सांगायला हवं होतं.

मागच्या शेडमधल्या तुळईला चेन-पुली लावली आणि इंजिन वर उचललं. हवेत लटकणारं इंजिन फार केविलवाणं दिसतं, दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसासारखं. पुढचा आठवडा खोलाखोलीत गेला. प्रत्येक नटाचा फोटो, प्रत्येक बोल्टाला बिस्किटाचा डबा, डब्यावर चिठ्ठी. त्यातल्या "हे कशाचं? नंतर बघू" अशा तीन चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. सुटे भाग धुवायला मोठं भांडं हवं होतं. बायकोनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आईनं मात्र काही न विचारता माळ्यावरची पोचे पडलेली पितळी परात काढून दिली. "हीच ने. दुसऱ्या कशाला हात लावू नकोस."

ब्लॉक घेऊन उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा आवाज थांबला तर माणसं दचकून जागी होत असतील. बोअरिंगवाल्या काकांनी डायल गेज सिलिंडरमध्ये सोडला, वर-खाली केला, आडवा फिरवला. भोक वरच्या अंगाला जास्त झिजतं, कारण रिंगांचा दाब आणि स्फोटाची आच तिथेच सगळ्यांत जास्त. ते गोलही राहत नाही, अंड्यासारखं होतं. काकांनी मग माझ्या पिशवीतला एक पिस्टन उचलला, त्याच्या डोक्यावरची काजळी अंगठ्यानं पुसली आणि हसले.

"सायेब, ह्ये इंजान एकदा हून गेलंय की."

"शक्य नाही. कंपनी फिटिंग आहे."

त्यांनी पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. ०.४ असा आकडा स्पष्ट कोरलेला. म्हणजे ६८ मिलिमीटरचं मूळ भोक कधीतरी ०.४ नं मोठं करून त्यात नवे पिस्टन बसवलेले. इंजिन उघडलं गेलं होतं. नुसता पाना नव्हे, अख्खी पानापेटी लागली होती.

त्या संध्याकाळी व्हॉल्व्ह बसवायला घेतले. या कामाला आठ व्हॉल्व्ह, ग्राइंडिंग पेस्ट आणि टोकाला रबरी वाटी असलेली एक काठी लागते. व्हॉल्व्हच्या कडेला पेस्ट लावायची, काठी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, मधूनच उचलून थोडी वळवायची आणि पुन्हा फिरवायची. कडेवर सगळीकडून सारखी, मंद करडी रेघ उमटली की झालं. माझी रेघ कुठे जाड, कुठे गायब. आई खुर्ची ओढून बघत बसली होती. "रवी कधी धरलीच नाहीस ना," म्हणाली आणि काठी काढून घेतली. तिनं सहा केले, मी दोन. नंतर रॉकेल ओतून बघितलं तर जे दोन पाझरले ते कुणाचे, हे सांगायला नको.

ती घुसळत असताना मी सहज म्हणालो, "आई, बाबांचं ते कंपनी फिटिंग काही खरं नव्हतं."

काठी थांबली नाही. "१९८४ चा मे महिना. तुम्हांला घेऊन मी तासगावला गेले होते, एस्टीनं. गाडी रंगाला दिलीय म्हणाले. परत आले तर रंग होता तोच. रेशनचं रॉकेल संपलेलं, आणि परातीला असा वास की तीनदा चिंचेनं घासली तरी जाईना."

"तू विचारलं नाहीस?"

"कशाला? पाहुण्यांना ते वाक्य सांगताना दर वेळी एकदा माझ्याकडे बघायचे."

मी पिस्टन बाहेर यायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून मोकळा झालो होतो. त्या माणसानं मात्र एका मे महिन्यात, ऑफिस सांभाळून, कुणाला न विचारता इंजिन उभं केलं, आणि आधीच्या फुशारकीपायी ही खरी फुशारकी जन्मभर गिळली. पाहुण्यांसमोर त्यांचं काय होत असेल, देव जाणे.

०.६ चे पिस्टन आले. हेडचे बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, थोडे थोडे आवळत नेले, थालीपीठ थापावं तसे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, त्यामुळे हेड गॅस्केटसाठी तीन गावं फिरलो, तो वेगळा विषय. शेवटी चोक ओढून सेल्फ मारला. कार्बोरेटरनं असा बार काढला की शेजारचं कुत्रं दोन दिवस आलं नाही. ठिणग्यांचा क्रम, एक-तीन-चार-दोन, मला तोंडपाठ होता. पण क्रँकच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरची एक फेरी होते, आणि मी तो नेमका उलट्या फेरीवर बसवला होता. काढून अर्धा वळवून परत लावला. तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं.

आता गाडी रोज रंकाळ्यापर्यंत जाते. धूर नाही. परात माझ्याकडेच आहे, पण आईला ती परत हवीय, तीही कल्हई करून. कोल्हापुरात कुणाच्या माहितीतला कल्हईवाला असेल तर जरूर कळवा.