चालत्या गाड्याला खीळ न घालणाऱ्या संचालक महाशयांस

राजमान्य राजश्री व्यवस्थापकीय संचालक महाशय यांचे सेवेशी,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

वागळे इस्टेटमधील सोळा नंबरच्या रस्त्यावरील आपल्या कारखान्याचा संगणक-कक्ष सांभाळणाऱ्या ह्या सेवकाने, स्टोरेजच्या फर्मवेअर अपडेटसाठी चार तासांचा डाउनटाइम मागणारा बारावा अर्ज गेल्या सोमवारी आपल्या दप्तरी रुजू केला. तो बुधवारी परत आला, आणि त्याच्या समासात पूर्वीच्या अकरा अर्जांवर होता तोच, काना-मात्रेचाही फरक नसलेला, ‘चालू आहे ना? मग हात लावू नये’ हा हिरव्या शाईतील शेरा वाचून आपल्या विचारांच्या स्थैर्याविषयी माझ्या मनात जो आदर दाटून आला, तो चार भिंतींत कोंडून ठेवणे मला अप्रशस्त वाटले. शिवाय मुलुंड चेक नाक्यापासून किसननगरापर्यंतच्या कितीतरी गाळ्यांतून हेच धोरण निष्ठेने पाळले जात असल्याचे चहाच्या टपरीवर समव्यवसायी मित्रांकडून नित्य ऐकावयास मिळते. तेव्हा त्या धोरणाच्या एका थोर पुरस्कर्त्याचा गौरव जाहीरपणेच व्हावा, ह्या हेतूने हे पत्र खुले ठेवले आहे.

आपण लेथ आणि मिलिंगच्या घरंदाज परंपरेतले. ज्याला हात लावता येतो, ज्याचे तेल हाताला लागते, तेच आपल्या लेखी यंत्र. त्यामुळे फर्मवेअर ह्या शब्दाविषयी आपणांस जो मूळचाच तिटकारा आहे तो मी समजू शकतो. हा शब्द १९६७ साली ॲशर ऑप्लर नामक अमेरिकन संगणकज्ञाने प्रचारात आणला, तो यंत्राचा कठीण देह आणि त्याला पढविलेली मृदू आज्ञावली यांच्या दरम्यान जे वसते त्याला काही नाव हवे म्हणून. आपल्याकडे त्याला यंत्राचे संस्कार म्हणता येईल. आपण जिला ‘ती फडताळासारखी पेटी’ म्हणता, तिच्या चोवीस खणांतील प्रत्येक डिस्कला असे स्वतःचे संस्कार आहेत, मागच्या बाजूच्या दोन कंट्रोलरना निराळे आहेत, आणि पंखे किती वेगाने फिरतात, आतली उष्णता किती, कोणत्या खणातील डिस्क आजारी आहे व कोणता दिवा लावावयाचा, हे पाहणारा जो एक लहानसा प्रोसेसर आत बसलेला आहे, त्यालाही आहेत. हा प्रोसेसर म्हणजे जुन्या कचेरीतला शिरस्तेदार: निकाल तो देत नाही, परंतु प्रत्येक कागद त्याच्या हातूनच साहेबाकडे जातो, आणि तो चुकीचा खण सांगू लागला तर आपला माणूस आजारी डिस्क जागेवर ठेवून निरोगी डिस्क ओढून काढतो.

आता आपल्या मुहूर्तनिष्ठेविषयी दोन शब्द. ही पेटी २०१६ च्या विजयादशमीस, ११ ऑक्टोबर रोजी सकाळी अकराच्या ठोक्याला, झेंडूचा हार घालून आणि नारळ वाढवून आपल्या शुभहस्ते सुरू झाली. चोवीसही डिस्कांना वीज त्याच क्षणी मिळाली. म्हणजे त्यांचा जन्मकाळ एक, कूळ एक, खरेदीचा आदेश एक, आणि पत्रिका मांडलीच तर तीही एकच. १९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ ह्या त्रयीने रेड ह्या नावाची जी योजना मांडली, जिच्या भरवशावर आपण रात्री निश्चिंत झोपता, तिची सारी भिस्त ह्या समजुतीवर आहे की डिस्का मरतील, पण एकेकट्या मरतील. एक गेली असता उरलेल्यांच्या साक्षीवरून तिच्यातील मजकूर पुन्हा लिहून काढता येईल. जुळी भावंडे एकाच घटकेस गेली तर साक्ष कोणी द्यावयाची, ह्याची तरतूद त्या योजनेत नाही.

अशी घटका खरोखरच येऊ शकते, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये जगास कळले. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ कंपनीने आपल्या ग्राहकांना अशी इतल्ला दिली की, तिने पुरविलेल्या काही एसएसडी डिस्का एकूण ३२,७६८ तास चालल्यानंतर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस आणि ८ तासांनी, कायमच्या निकामी होतील, त्यांतील माहितीही परत मिळणार नाही, आणि एकाच वेळी कामास लावलेल्या डिस्का जवळजवळ एकाच वेळी जातील. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. आणि सोळा बिटांच्या चिन्हयुक्त खणात ३२,७६७ च्या पुढची संख्या मावत नाही, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या डिस्कांच्या आयुष्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला जात होता ह्याचा तर्क करावयास फार वेळ लागत नाही. लोखंड शाबूत, वीज शाबूत, हिशेबाची वही तेवढी संपली! उपाय एकच होता: मुदत भरण्यापूर्वी नवे फर्मवेअर घालणे. त्या सूचनेची शाई वाळते न वाळते तोच, मार्च २०२० मध्ये, दुसऱ्या काही डिस्कांच्या बाबतीत ४०,००० तासांची मुदत जाहीर झाली.

केवळ जिज्ञासेपोटी मी आपल्या पेटीच्या मुहूर्तात ते ३२,७६८ तास मिळवून पाहिले. उत्तर आले: मंगळवार, ७ जुलै २०२०, संध्याकाळचे सात, दिवेलागणीची वेळ. ठाणे शहरात त्या महिन्याच्या २ तारखेपासून पुन्हा कडक टाळेबंदी लागू होती, आपण घरी होता, मी घरी होतो, आणि तीन हात नाका ओलांडून कारखान्यापर्यंत पोचावयाचे तर पोलिसांस दाखवावा असा परवाना आपणा दोघांपैकी कोणाकडेही नव्हता. आपल्या डिस्का त्या कुळातल्या नव्हत्या, ही आपल्या पूर्वजांची पुण्याई. मात्र ती पुण्याई आहे हे आपणांस अद्याप ठाऊक नाही. कारण डिस्कांचे मॉडेल नंबर त्या यादीशी ताडून पाहण्याची मुभा मागणारा माझा चौथा अर्जही त्याच शेऱ्यानिशी परत आला होता, आणि ती तपासणी मी, क्षमा असावी, जेवणाच्या सुट्टीत चोरून केली.

आपल्या पक्षाचे म्हणणे मी मुळीच जाणत नाही असे आपण समजू नये. उलट आपणांस ठाऊक नसलेला, परंतु आपल्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मीच आपल्या पदरी घालतो. २००९ च्या जानेवारीत सीगेट कंपनीच्या बाराकुडा ७२००.११ ह्या, घरगुती संगणकांत बसणाऱ्या, डिस्का फर्मवेअरमधील दोषामुळे अकस्मात मुक्या होत असल्याचे उघडकीस आले. कंपनीने तातडीने दुरुस्ती पाठविली. आणि त्या दुरुस्तीनेच ५०० जीबीच्या काही धडधाकट डिस्का आडव्या केल्या, म्हणून ती मागे घेऊन दुसरी काढावी लागली. औषधाने रोगी दगावतो, हे खरे आहे. म्हणूनच जाणता माणूस नवे फर्मवेअर निघाल्या दिवशीच घालीत नाही. तो रिलीज नोट्स वाचतो, काही आठवडे थांबतो, आधी ज्या पेटीवाचून अडणार नाही तिच्यावर प्रयोग करतो. परंतु काही आठवडे थांबणे आणि मुहूर्ताच्या नारळापासून आजवर थांबणे ह्यांत जे अंतर आहे, ते पथ्य आणि उपोषण ह्यांतील अंतर आहे.

ह्या उपोषणाचा हिशेब थकलेल्या शेतसाऱ्यासारखा वाढतो. आपली पेटी आजमितीस फर्मवेअरच्या पाच आवृत्त्या मागे आहे, आणि जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर एकदम उडी घेण्यास कर्त्यांनी मज्जाव केला आहे. मधल्या दोन पायऱ्यांवर पाय ठेवूनच वर जावे लागते. पहिल्या अर्जाच्या वेळी जे काम एका तासाचे होते ते बाराव्या अर्जात चार तासांचे झाले, ते ह्या कारणाने. माझ्या सुस्तीमुळे नव्हे, असा खुलासा ह्या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

आणि ज्या औदार्याने आपण ही पेटी घेतली त्याचे स्मरण झाले की माझा कंठ दाटून येतो. कंट्रोलर दोन, पॉवर सप्लाय दोन, सर्व्हरपासून पेटीपर्यंत केबलच्या वाटा दोन. प्रत्येक जास्तीच्या नगाची रक्कम आपण विनातक्रार मोजली. आता दोन कंट्रोलर कशासाठी असतात, तर एकाला विश्रांती देऊन त्याच्यावर संस्कार चालू असता दुसऱ्याने गाडा ओढावा, पहिला पुन्हा रुजू होऊन दोन्ही वाटा दिसू लागेपर्यंत धीर धरावा, आणि मग दुसऱ्याची पाळी यावी. एवढ्यापुरते तर काम बंद ठेवण्याचीही गरज नाही. डिस्कांचे फर्मवेअर बदलताना मात्र लिहिणे-वाचणे थांबविलेले बरे, म्हणून डाउनटाइम. तत्पूर्वी बॅकअप घ्यावा आणि तो परत वाचून पाहावा, एकही डिस्क आजारी नाही व रीबिल्ड चालू नाही ह्याची खातरजमा करावी, यूपीएसची बॅटरी तपासावी, आणि काम अर्ध्यावर असता कितीही उशीर झालासा वाटला तरी कोणी बटणाला हात लावू नये. कारण संस्कार अर्धे झालेले यंत्र ना जुने राहते ना नवे होते. आपण बैलजोडी विकत घेतली आणि दोन्ही बैल आजतागायत एकाच वेळी जुंपून ठेवले. एकाला तरी क्षणभर सोडावे म्हटले की आपण विचारता, ‘चालतोय ना?’

आपल्या शॉप फ्लोअरवर हा नियम लागू नाही, हे मी आश्चर्याने पाहत आलो आहे. लेथचा बेअरिंग जरा कुरकुरला की आपण स्वतः खाली उतरता, मशीन बंद करविता, ऑर्डर दोन दिवस लांबली तरी चालेल म्हणता. स्टोरेजचा दोष एवढाच की ते कुरकुरत नाही. घरी तर आपण ह्याहून शहाणे आहात. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या किंवा बारवीच्या पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी एमआयडीसी एखाद्या गुरुवारी रात्री बारापासून शुक्रवारी रात्री बारापर्यंत पाणी बंद ठेवते, तेव्हा किसननगर नंबर दोन आणि रुपादेवी पाड्यातील घराघरांतून आदल्या दिवशी पिंपे, हंडे, बादल्या भरल्या जातात; त्यानंतरही दिवसभर पाणी कमी दाबाने येते, तेही लोक सोसतात; आणि ‘नळ चालू आहे ना, मग दुरुस्ती कशाला?’ असा सवाल करणारी एकही गृहिणी माझ्या पाहण्यात नाही. नेमून दिलेल्या तहानेची तजवीज करता येते, पाइप फुटून आलेली तहान मात्र भांडे रिकामे असतानाच गाठते.

ह्या भूमीलाही यंत्र थांबविण्याचे वावडे नाही. १ ऑगस्ट १९६२ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्मसोहळा झाला तो ह्याच वागळे इस्टेटीत. तेव्हापासून येथील किती गाळे पडून काचेच्या इमारती उठल्या, किती भट्ट्यांच्या जागी सर्व्हर आले, परंतु खंडेनवमीस यंत्र धुऊनपुसून, हळदकुंकू लावून स्वस्थ ठेवावयाचे, हा शिरस्ता मोडलेला नाही. आपल्या कारखान्यातही त्या दिवशी एक चाक फिरत नाही. केवळ ती पेटी तेवढी, गळ्यात झेंडूचा हार घेऊन, अखंड राबत असते. पूजेचा मान तिला मिळतो, विश्रांतीचा मिळत नाही. म्हणून सोबतच्या तेराव्या अर्जात मी अशी नम्र सूचना केली आहे की, येत्या खंडेनवमीस आरती आटोपल्यावर चार तास तिला माझ्या स्वाधीन करावे. ती तिथी आपणांस गैरसोयीची असल्यास तारखेचा रकाना मी कोरा ठेवला आहे, तो आपण आपल्या हिरव्या शाईने भरावा. तो अखेरपर्यंत कोराच राहील, असे मात्र आपण गृहीत धरू नये. तो भरण्याचा अधिकार आपल्याइतकाच त्या पेटीलाही आहे, आणि ती मुहूर्त पाहत नाही.

लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक सेवक,
संगणक-कक्ष, तळमजला

ता. क. — हे पत्र टंकलिखित होत असतानाच सातव्या खणावर अंबर दिवा लागला. डिस्क बदलून रीबिल्ड पूर्ण होईपर्यंत फर्मवेअरला हात लावू नये, असा स्पष्ट दंडक आहे. सबब आपला शेरा आज, बारा अर्जांनंतर प्रथमच, शास्त्रशुद्ध ठरला आहे. हार्दिक अभिनंदन. नव्या डिस्कच्या खरेदीचा अर्ज सोबत जोडला आहे.