गाडी वर, चाक तिथेच

टायर दोन इंच मोठं घातलं तर गाडी किती वर जाते? दहा जणांना विचारा, नऊ जण 'दोन इंच' म्हणतील आणि दहावा गाडीची किंमत विचारेल. खरं उत्तर एक इंच. चाकाच्या बरोबर मध्यावर एक्सल असतो, त्यामुळे वाढलेल्या दोन इंचांतला एक एक्सलच्या खाली येतो आणि दुसरा वर मडगार्डच्या पोकळीत जाऊन बसतो. बिल मात्र दोन्ही इंचांचं येतं.

माझ्या मेव्हण्याची थार नाशिकहून निघाली तेव्हा तिला २५५/६५ आर १८ मापाची टायर होती. म्हणजे उंची साधारण एकतीस इंच, आणि सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटाला पुरून उरतील अशी. त्याने ती काढून तेहेतीस इंची घातली. आता स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासू लागलं, म्हणून दोन इंचांची लिफ्ट किट आली. पाचवं टायर मागच्या दारावर टांगल्यावर दार कुरकुरायला लागलं, म्हणून बिजागऱ्या बदलल्या. स्पीडोमीटर ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी पंच्याऐंशीने पळत असते, पण हे तो तक्रार म्हणून सांगत नाही. टपावर लोखंडी कॅरियर आणि त्यावर, वाळूत रुतल्यावर चाकाखाली सरकवायच्या दोन केशरी शिड्या. कोथरुडात वाळू फक्त बांधकामाच्या ट्रकमधून सांडलेली मिळते. मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, त्यावर २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने मत दिलंय, गाडीत मूळ नोंदीबाहेरचे बदल चालत नाहीत. हे मी त्याला एकदा ऐकवून पाहिलं. "दाजी, तुम्ही कधी आयुष्य एन्जॉयच केलं नाही," असा निकाल त्याने जागच्या जागी दिला.

अशी ही गाडी पंक्चर झाली ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बी विंगमधल्या फॉल्स सीलिंगच्या कामातून पडलेल्या एका स्क्रूमुळे.

मागचं डावं चाक बसलं होतं. पंक्चरवाल्याला बोलवावं असं मी सुचवल्यावर मेव्हण्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती गिर्यारोहकाला लिफ्टचं बटण दाखवणाऱ्याच्या वाट्याला येत असावी. तोवर माणसं जमली. बॉनेट उघडलं किंवा चाक निघालं की सोसायटीतली निवृत्त मंडळी कशी कोण जाणे खाली येतातच. त्यांत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका होते. उभी नोकरी धरणांच्या साइटवर जीपमध्ये गेलेली. "आमच्या जीपला सहाशे-सोळाचं टायर. हे एवढंसं रुंद," असं म्हणून त्यांनी वीत दाखवली, मग ती वीतही आखडती घेतली. "चिखल कापून खालच्या मुरमाला लागायचं. तुमचं हे वरच्यावर तरंगत बसणार." मेव्हण्याने ऐकलं नाही असं दाखवलं. काकांचं म्हणणं सरसकट खरं नाही, वाळूत रुंद टायरच लागतं; पण आपल्या काळ्या मातीच्या चिखलात अरुंद टायरचा शहाणपणा मलाही पटतो.

कामाची सुरुवात मात्र त्याने शास्त्रशुद्ध केली. बाकीच्या चाकांना विटा लावल्या. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले. हवेतल्या चाकाचे नट सोडवायला गेलं की चाकच गोल फिरतं, हे त्याला ठाऊक होतं. मग जॅक काढला. टायर, बंपर, कॅरियर, बिजागऱ्या सगळं बदललं होतं, न बदललेली एकच वस्तू म्हणजे कंपनीचा जॅक. त्या बिचाऱ्याला वरच्या मजल्यावरच्या घडामोडींची कल्पनाच नव्हती. एक्सलखाली लावला, टॉमी फिरवत फिरवत पार शेवटच्या आट्यापर्यंत नेला आणि चाक कसंबसं मोकळं झालं. बसलेलं टायर वजनाने खालून चपटं झालेलं असतं, त्यामुळे ओढल्याबरोबर निघालं. टाळ्या पडल्या.

आणि मग मागच्या दारावरचं तेहेतीस इंची, टम्म हवा भरलेलं टायर काढून दोघांनी तिथे आणलं. ते काही केल्या बसेना. भोकं बोल्टच्या वर दीड-दोन बोटं राहत होती.

इथे परिस्थितीचं सौंदर्य नीट समजून घ्यायला हवं. जॅक संपला होता. त्याच्याखाली फळी सारायची तर तो आधी उतरवायला हवा. उतरवायचा तर त्या कोपऱ्याला चाक हवं. चाक बसवायचं तर जॅक आणखी वर हवा. सरकारी दाखल्यांचा अनुभव असलेल्या सर्वांनाच हे लगेच कळलं आणि जमावात एक आपुलकीची शांतता पसरली. ए विंगमधल्या एका पोराने "नव्या टायरची हवा काढा ना" असं सुचवलं. हवा काढलीही. पण त्या टायरच्या बाजूच्या भिंती दगडधोंड्यांसाठी केलेल्या. मोकळं टायरही ताठ मानेने गोलच राहिलं.

"हाय-लिफ्ट काढतो," मेव्हणा म्हणाला. या वाक्याची तो गाडी घेतल्यापासून वाट पाहत होता.

हाय-लिफ्ट हा जॅक म्हणजे छातीएवढी उंच, भोकाभोकांची लोखंडी पट्टी. दांडा वरखाली केला की दोन पिना आळीपाळीने भोकांत अडकत माडावर चढणाऱ्या गड्यासारख्या वर सरकतात आणि गाडीला घेऊन जातात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ब्लूमफील्ड गावी तो बनू लागला. तिथले शेतकरी त्याने कुंपणाचे खांबसुद्धा उपटतात. खाली उतरवताना दांड्यावरची पकड सुटली तर तो जबड्याचा वेध घेत उसळतो. म्हणून काकांनी आधी पंक्चर झालेलं चाक चासीखाली आडवं सारायला लावलं. "गाडी घसरली तर त्याच्यावर पडू दे. तुमच्यावर नको." सगळ्या सकाळीत एवढं एकच काम मला मनापासून आवडलं.

हाय-लिफ्ट मागच्या लोखंडी बंपरला लागला. कट्-कट्, कट्-कट्. गाडी वर जायला लागली. मेव्हण्याचा चेहरा उजळला. आणखी चार कट्-कट्. गाडी चांगली वीतभर उचलली गेली आणि एक्सल होता तिथेच, कंपनीच्या जॅकच्या डोक्यावर निवांत बसलेला. बंपर धरून उचललं की आधी वर जाते ती बॉडी. मधल्या स्प्रिंगा लांबत राहतात आणि त्या पूर्ण ताणल्या जाईपर्यंत एक्सलला वरच्या हालचालीशी काही देणंघेणं नसतं. खडकाळ रस्त्यावर चाक जमीन सोडू नये म्हणून स्प्रिंगांची ही लांब चाल मुद्दाम ठेवलेली असते, लोक तिच्यासाठी जादा पैसे मोजतात. इथे ती पैसा वसूल करत होती.

"अजून घे," कोणीतरी म्हणालं.

"थांब!" मी ओरडलो. टपावरच्या केशरी शिड्या वरच्या बीमला टेकल्या होत्या. वर सात मजले आणि त्यांचं गृहकर्ज.

आता सेक्रेटरी आले. त्यांनी दोन जॅकवर तोललेली, तीन चाकांची, छताला डोकं लावून उभी असलेली गाडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे व्हिजिटर पार्किंग आहे का?"

काका इतका वेळ गाडीकडे नाही, जमिनीकडे बघत होते. धरणवाल्यांची दृष्टी शेवटी पायाकडेच जायची. "हे पेव्हर ब्लॉक किती जाडीचे? साठ मिलिमीटर ना?" त्यांनी वॉचमनला पहार आणायला सांगितली. "गाडी वर जात नाही ना? मग पार्किंग खाली न्या. जॅकपासून लांबचे, फक्त चाकाखालचे चार काढा."

पुढची पंधरावीस मिनिटं तांत्रिक कामात गेली नाहीत, ती परवानगीत गेली. ब्लॉक ही सामाईक मालमत्ता. त्यांना हात लावायला कमिटीचा ठराव लागतो, आणि कमिटीचे दोन सदस्य महाबळेश्वरला गेलेले. काकांनी उपनियमांवर वाद घातला, सेक्रेटरींनी प्रतिवाद केला, हाय-लिफ्ट तसाच ताणून उभा होता. शेवटी महाबळेश्वरला फोन लागला, स्पीकरवर तोंडी मंजुरी मिळाली आणि चार ब्लॉक निघाले. सहा सेंटिमीटरच्या त्या खळग्यात टायर सरकलं, भोकं बोल्टांवर अशी आली की जणू तिथेच ठरलं होतं. नट बसले, आधी हाताने, मग समोरासमोरचे पान्याने. टायरमध्ये कॉम्प्रेसरने हवा भरली, दोन्ही जॅक उतरले, चासीखालचं चाक निघालं, शिड्यांनी बीम सोडला.

आता गाडी खड्ड्यातून बाहेर काढायची होती. मेव्हणा आत बसला, काच खाली घेतली आणि मला मोबाइल देऊन म्हणाला, "दाजी, व्हिडिओ काढा. आडवा धरा." मग त्याने फोर-लो टाकला. गरज नव्हती, सायकलही निघाली असती. इंजिन घुमलं, थार सहा सेंटिमीटर चढून सपाटीवर आली आणि त्याने खिडकीतून अंगठा दाखवला.

वॉचमनने ब्लॉक परत बसवले. सेक्रेटरींनी उकिडवं बसून एकेकावर हात फिरवला.

"हा उलटा बसलाय," ते म्हणाले.