मार्जिनभाऊ

मार्जिनभाऊ हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. घराच्या किमतीतला जो वाटा आपण स्वतःच्या खिशातून घालायचा, त्याला बँकवाले मार्जिन म्हणतात, आणि आमचा भाऊ लग्न झाल्यापासून तेवढंच जमवतो आहे. असा एक भाऊ रत्नागिरीतल्या प्रत्येक कचेरीत असतो. आमच्या कचेरीतला जरा जास्त मुरलाय, इतकंच.

तो बेघर आहे असं मात्र कोणी समजू नये. लांजा तालुक्यात त्याचं चांगलं चिरेबंदी घर आहे. पुढे पडवी, मागे फणस. फक्त कागदावर अठरा नावं आहेत. त्यातली चार वारलेली, सात मुंबईत, आणि उरलेली सात एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हा ‘गावाला घर आहे’ हे वाक्य लग्न जमवायला उपयोगी पडलं, राहायला नाही. राहतो तो मारुती मंदिरापाशी, भाड्याच्या दोन खोल्यांत.

पैसे साठवण्यात त्याचा हात धरणारा नाही. महिन्याची आवर्ती ठेव, वर्षाचं पीपीएफ, वहिनींची भिशी आणि रोजची पिग्मी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून सगळी रत्नागिरी हळहळते आणि हा खुशीत असतो. ते दोन महिने बांगड्याचे पैसे ठेवीत जातात. ऑगस्टात होड्या समुद्रात गेल्या की याचा चेहरा पडतो. इतकी वर्षं याच्या दारात येणाऱ्या पिग्मी एजंटने मधल्या काळात खेडशीला स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या. भाऊ वास्तुशांतीला गेला, पोटभर जेवला आणि परत येऊन म्हणाला, “पश्चिमेची भिंत ओल धरणार.”

मग अडलं कुठे? हिशेब ऐका. नाचण्यात त्याला पहिल्यांदा पसंत पडलेला फ्लॅट ३३ लाखांचा होता. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे मार्जिन ३ लाख ३० हजार. तेवढे जमेपर्यंत भाव ४० लाखांवर गेला. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँक ८० टक्क्यांवर थांबते. मार्जिन झालं ८ लाख! भाव वाढला सात लाखांनी, खिशातला वाटा जवळजवळ अडीचपट. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्याहून वेगळी, ती कर्जात धरत नाहीत. हे सगळं मी त्याच्याकडूनच शिकलो. बँकेतली पोरंसुद्धा अडली की त्याला विचारतात.

संधी आलीच नाही असंही नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं. आमच्या कचेरीतल्या तिघांनी याच्याकडून कागद तपासून घेतले आणि घरं घेऊन मोकळे झाले. हा थांबला. म्हणाला, “सरकार घाबरलंय. अजून उतरवील.” जानेवारीत सवलत दोन टक्क्यांवर आली, मार्चअखेर संपली. त्याच एप्रिलपासून बाईच्या नावावर घर घेतल्यास एक टक्का सूट मिळू लागली, तेव्हा मात्र हा घरी पेढे घेऊन गेला. “ठरलं! घर हिच्या नावावर.” वहिनींनी विचारलं, “कुठलं?”

शोध मारुती मंदिराजवळ सुरू झाला. भाव वाढले तसा तो नाचण्याला गेला, मग कुवारबावला, मग खेडशीला. हल्ली हातखंब्याला आहे. असाच सरकत राहिला तर पाली ओलांडून लांज्याला, त्या अठरा नावांच्या पडवीत जाऊन टेकेल.

पण खरं सांगू? त्याचं सुख फ्लॅट पाहण्यात आहे. तेही भर आषाढात. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून हा नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा डोळे मिटून उभा राहतो. नळ सोडून बघतो, महारेराचा नंबर वहीत उतरवतो, विक्रीवाल्या पोराला कार्पेट एरिया दोनदा मोजायला लावतो आणि चहा घेऊन निघतो. मुलगी लहान होती तेव्हा प्रत्येक साइटवर आपली खोली ठरवायची. आता ती पुण्यात नोकरी करते, आणि दोन वर्षांत मार्जिन जमवून तिने तिथे घर घेतलंसुद्धा. भाऊला हा उतावीळपणा वाटतो.

कोणी फारच चिडवलं की तो थिबा राजाला पुढे करतो. “१८८६ साली आणला त्याला रत्नागिरीत. राजवाड्यात राहायला गेला कधी? १९१० साली! ब्रह्मदेशचा राजा चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत राहिला, आणि त्याला तर सरकार बांधून देत होतं. माझं काय घेऊन बसलात?” हे व्याख्यान एकदा त्याच्या घरीच चाललं होतं. वहिनी आतून म्हणाल्या, “आणि १९१६ ला गेला. सहा वर्षं मिळाली हो बिचाऱ्याला.” भाऊ गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याने हातखंब्याच्या बिल्डरला फोन केला आणि दिवाळीनंतर भाव काय असेल ते विचारलं.

रत्नागिरीत घर घ्यायचं मनात असेल तर आधी याला गाठा. सर्च रिपोर्टपासून प्रोसेसिंग फीपर्यंत सगळं फुकट समजावील, तुमचं काम महिन्याभरात होईल. फक्त ‘अजून थोडं थांबू का?’ एवढं त्याला विचारू नका.