माझं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं या शब्दाचे आमच्या रत्नागिरीत दोन अर्थ. एक सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला: तक्रार. दुसरा कोकणातला. पालखी सहाणेवर बसली की जाणता माणूस ग्रामदेवतेपुढे उभा राहतो, वाडीचं सुखदुःख मोठ्यानं सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाबा गेल्यापासून माझ्याजवळ तक्रारी साठल्या आहेत. सगळ्या बारीक. कुठे अर्ज करावा अशी त्यात एकही नाही. म्हणून देवापुढे घालावं तसं हे गाऱ्हाणं घालते.

पहिलं गाऱ्हाणं फोटोचं. बाबा एस.टी.त कंडक्टर होते आणि नमनात मावशी. गण संपून गवळण लागली की लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून मथुरेच्या बाजाराला निघणारी, वाट अडवणाऱ्या कृष्णाशी हुज्जत घालणारी मावशी त्यांनी तीस वर्षं केली. त्यामुळे त्यांचे चांगले फोटो मावशीचे, आणि उरलेल्यांत ते हसताना हललेले. भिंतीवर लावण्यासाठी नातेवाइकांनी निवडला तो पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला फोटो. फोटोवाल्यानं ‘काका, हसू नका’ असं बजावून काढलेला. बाबांच्या आयुष्यातले न हसलेले ते दोन क्षण आता हार घालून बैठकीच्या खोलीत आहेत. लहान भाचीनं विचारलं, हे कोण? तिचं काहीच चुकलं नव्हतं.

दुसरं गाऱ्हाणं एका शब्दाचं. ‘सुटले हो.’ भेटायला येणाऱ्या दहांतले आठ जण हे बोलले. बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास डायलिसिस; असं दोन वर्षं. म्हणजे तीनशेहून जास्त वेळा ते त्या खुर्चीत बसले. सुई टोचून घेताना ते नर्सबाईंना विचारत, ‘काय गो बाय, आज कुठली गाडी? साधी की निमआराम?’ शेजारच्या खुर्च्यांतली माणसं हसायची. चार तासांनी थकून घरी आले की पहिला प्रश्न, मासळी काय मिळाली? या माणसाला सुटायचं नव्हतं. दहाव्याला पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला, तेव्हाही सगळे समाधानानं म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती. राहिली होती. पुढचा शिमगा बघायचा होता. वाडीतल्या दोन पोरांना मावशीची चाल शिकवायची होती. मला ठाऊक आहे, कारण ते मला सांगून गेले.

तिसरं गाऱ्हाणं आंब्याचं. मूत्रपिंड चालत नसलं की पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. शंभर ग्रॅम आंब्यात ते १५० मिलिग्रॅमच्या वर असतं. शहाळ्याचं पाणीही त्याच यादीत. त्यात दिवसभराचं पाणी तांब्याभर, मोजून. अंगणात हापूसची सात कलमं असलेल्या माणसानं शेवटचे दोन मोसम आंबा नुसता हुंगला. अढीवर पेंढा सारून एकेक फळ नाकाशी धरायचे, पिकलेलं बाजूला काढायचे आणि आल्यागेल्याच्या हातात द्यायचे. देताना, ‘माझ्या वाटचा हा तू खा,’ म्हणायचे. आता त्यांच्या फोटोपुढे रोज कुणीतरी हापूस ठेवतं. ‘त्यांना फार आवडायचा ना!’ माया असते, कळतं. तरी त्या बशीकडे मला बघवत नाही.

चौथं गाऱ्हाणं कागदांचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, हा १९६९च्या कायद्यातला नियम, ती झाली. कागद पूर्ण मिळाले की १५ दिवसांत बँकेनं वारसाचा दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; एका बँकेत आम्ही चार महिने फिरलो. पण माझी तक्रार दिवसांची नाही. सातबाऱ्यावर वारस नोंद होते तेव्हा गेलेल्या माणसाच्या नावाला कंस पडतो. आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं आहेत. आजोबांच्या नावाला कंस झाला त्या दिवशी उतारा हातात घेऊन बाबा म्हणाले होते, ‘म्हातारा मथुरेच्या बाजारास गेला नि कंसानं धरला!’ परवा त्यांच्या नावाचा फेरफार मंजूर झाला. उतारा घेऊन मी बाहेर आले, कंस बघितला, आणि हे वाक्य म्हणणारं कुणी शेजारी नव्हतं. त्या चार अक्षरांना दोन्ही बाजूंनी भिंत घातली आहे, एवढंच दिसत राहिलं.

पाचवं गाऱ्हाणं अंतू बर्व्याचं. रत्नागिरीचा विनोदी माणूस गेला की पुण्यामुंबईचे लोक हटकून म्हणतात, ‘अगदी अंतू बर्वा होते!’ पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा मलाही प्रिय आहे. पण त्याचा विनोद तिरकस आहे आणि त्या तिरकसपणाखाली केवढा तरी एकटेपणा आहे. बाबांच्या विनोदाला धार नव्हती. त्यांनी कुणाला टोचून हसवलं नाही. गाडीत रडणारं मूल गप्प व्हावं म्हणून ते मावशीच्या आवाजात तिकीट फाडत. रत्नागिरीत दोन्ही तऱ्हेची माणसं असतात.

त्यांना स्वतःला दुसरंच एक नाव जवळचं वाटे. लक्ष्मीकांत बेर्डे मूत्रपिंडाच्या आजारानं १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. पन्नाशी नुकतीच झाली होती, मुलं लहान होती. डायलिसिस ठरलं त्या संध्याकाळी आई रडायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, ‘लक्ष्याचाच आजार आहे, हलका समजू नको.’ १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ टीव्हीवर लागला की साडी नेसलेल्या लक्ष्याची चाल ते मावशीच्या जाणकारीनं बघत आणि पसंतीची मान हलवत. तो सिनेमा आजही लागतो. घरोघरी माणसं पोट धरून हसतात. हा माणूस आजारानं गेला, आता त्याच्यावर हसू नये, असं कुणाला वाटत नाही. हसवणाऱ्याची आठवण हसूनच काढायची, हे महाराष्ट्राला पडद्यावरच्या माणसाबाबत बरोबर कळतं. माझ्या बाबांच्या बाबतीत ते का कळू नये?

शेवटचं गाऱ्हाणं यंदाच्या शिमग्याचं. वर्ष सरलं नाही, म्हणून आमच्या घरी सण नाही. पालखी आमच्या अंगणावरून पुढे गेली. नमनवाल्यांनी मात्र मावशीचं लुगडं मागितलं. आईनं ते न धुता दिलं. रात्री मी मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले. बाबांनी शिकवायचं ठरवलेल्या दोघांतला धाकटा लुगडं नेसून आला. शिकवणं राहूनच गेलं होतं. तरी लहानपणापासून बघून बघून त्यानं चाल उचलली होती. डावा पाय किंचित ओढायचा, थांबायचं, मग मान वळवायची. त्यानं मान वळवली आणि मला हसू फुटलं. खूप मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्या काकींनी वळून माझ्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि मान फिरवली.

तर, बारा वाड्यांच्या भैरी देवा, सुतक पाळायला आमची ना नाही. भिंतीवरचा फोटो बदलण्याची आईला हिंमत दे. कलमं यंदा मोहरली आहेत, ती राख. आणि बापाच्या आठवणीनं लेक हसली तर ते रडण्याच्याच खात्यात धरून घे.

व्हय म्हाराजा.