बिनइतिहासाचा माणूस

2025च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरची एक बातमी महाराष्ट्राने चवीने वाचली. लग्नाची बोलणी पक्की होत आलेली, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, आणि ऐन वेळी मुलीकडच्या एका नातेवाइकाने नवऱ्या मुलाचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, मागितला. स्कोअर निघाला, त्याच्या पोटातून कर्जं निघाली आणि लग्न मोडलं. हा नातेवाईक मामाच असणार, असं मला उगीच वाटत राहिलं. काका लोक पंगतीत जिलब्या मोजण्यापलीकडे कशात पडत नाहीत. पत्रिकेत 36पैकी 18 गुण जुळले की काम भागतं. ही नवी पत्रिका मात्र 750च्या खाली उतरलेल्या स्थळाकडे भुवई चढवून बघते. तरी तिच्या स्वभावात एक मऊपणा आहेच. तिचे गुण 300पासून सुरू होतात आणि 900ला संपतात, म्हणजे माणूस कितीही बुडालेला असो, पहिले तीनशे त्याच्या पदरात आधीच घातलेले. आमच्या गणिताच्या मास्तरांना हे औदार्य कधी सुचलं नाही.

स्थळाची पत पूर्वीही बघितली जायचीच. मुलाच्या आळीतल्या वाण्याकडे पावशेर शेंगदाणे घेण्याच्या निमित्ताने जरा रेंगाळलं की पुरे. त्या वाण्याची उधारीची वही लाल कापडात बांधलेली, लांबुळकी, आणि पानापानाला हिंगाचा वास. तिच्यात कोणाचं धड नाव नसायचं. ‘जिन्याखालचे’, ‘नर्सबाई’, ‘दोन नंबरचे मास्तर’ अशा खुणांनी अख्खी आळी तिथे नांदत असे. उधारी लांबली तरी तो कोणाला तोंडावर नाही म्हणत नसे, फक्त त्या घरासाठी साखर नेमकी ‘आत्ताच संपलेली’ असायची आणि तो फार आपुलकीने विचारायचा, “तब्येत बरी आहे ना?” ऐकणारा जे समजायचं ते समजायचा. पण घरात खरंच आजारपण असलं, तर ती विचारपूसही खरी असायची आणि साखरही पुडीत बांधली जायची. स्कोअर काढणाऱ्या कंपनीच्या यंत्राला फक्त हप्ता चुकलेला दिसतो. त्या महिन्यात घरात कोण झोपून होतं, हे त्याला कोण सांगणार?

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, यांचं नाव असल्या कुठल्याच वहीत सापडलं नसतं. नातीच्या शिक्षणाच्या कर्जावर मुलाच्या जोडीने आपणही सही करावी, या उमेदीने ते इस्त्रीचा सदरा घालून बँकेत गेले. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने संगणकात बराच वेळ बघितलं आणि शेजाऱ्याचं हरवलेलं मांजर सापडलं नाही हे सांगावं तशा आवाजात म्हणाला, “काका, तुमची काही हिस्ट्रीच नाही हो.” अण्णांनी जन्मात कर्ज काढलं नव्हतं. कार्ड नाही, हप्ता नाही, सोसायटीतून उचल नाही. “अहो, तोच तर माझा इतिहास,” ते म्हणाले. पण ज्याने कधी घेतलंच नाही तो परत करतो की नाही, हे यंत्राला कसं कळावं? मूर्तिजापूरच्या नवरदेवाला निदान वाईट का होईना, स्कोअर होता. अण्णांना तोही नव्हता.

खरं तर परतफेडीचा इतका कडक इतिहास मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. पगार झाला की अण्णा पलंगावर जुनी लग्नपत्रिकांची पाकिटं मांडून बसत. प्रत्येकावर निळ्या शाईत लिहिलेलं: दूध, वाणी, भाडं, फी, औषध, आला-गेला, सहल. गणपतीच्या छापील चित्राखाली ‘दूध’ हा शब्द मोठा मंगल दिसे. महिनाअखेरीला एखादं पाकीट रिकामं झालं, तर शेजारच्यातून पैसे घ्यायची मुभा होती, पण तिथे चिठ्ठी ठेवायची: ‘औषधाकडून दुधाला 12 रुपये, परत करणे.’ खाली सही आणि तारीख. पुढच्या महिन्यात दूध औषधाचे पैसे फेडायचं, तेव्हाच चिठ्ठी फाडली जायची. सगळ्यात मोठा सावकार होतं सहलीचं पाकीट. त्याच्याकडे सगळे मागायला जात आणि ते कधी तगादा लावत नसे. त्याच्यातल्या चिठ्ठ्या वाढत गेल्या, आणि काकू महाबळेश्वरला जायच्या त्या दरवर्षी ‘येत्या वर्षी’.

आता पाकिटं फोनमध्ये आहेत आणि त्यांना तळ नाही. माझ्या कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ अशी एक ओळ असते. इतकी अदबशीर ओळ मराठीत दुसरी नसेल. पाहुण्याला “निदान चहा तरी” म्हणावं तसा तिचा सूर. समजा 40,000 थकले, व्याज महिना साडेतीन टक्के, आणि आपण तिचं ऐकून 2,000 भरले. 1,400 व्याजात जातात, त्यावर जीएसटीचे 252, आणि मुद्दलातून उतरतात 348. शिवाय थकबाकी असेतो नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पट नावाचा नियम होता: एका वेळी मागायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. त्या काळचे सावकार काही संत नव्हते. 1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी त्यांची कर्जखतं उगीच नाही जाळली. पण त्यांच्यापैकी कोणी कर्जदाराला ‘अभिनंदन, तुमची मर्यादा वाढली आहे’ असं कळवल्याचं ऐकिवात नाही.

बँकेतल्या त्या मुलाने अण्णांना एक तोड सुचवली. ठेवीच्या तारणावर कार्ड घ्या, थोडं वापरा, वेळेवर भरा; इतिहास तयार होईल. म्हणजे आपल्याला उधारी लागत नाही हे सिद्ध करायला अण्णांनी उधारीवर जगायचं. काकू पदराआड हसल्या. अण्णांनी मात्र हे परीक्षेसारखं मनावर घेतलं. महिन्यातून एकदा ते कार्डावर पाव किलो चहा पावडर आणत, आणि संध्याकाळी नातवाला समोर बसवून, बिल निघायच्या आत, पैसे भरून टाकत. पावडर भिजायच्या आधी तिचं कर्ज फिटलेलं असे. त्या दिवसापुरती त्यांना झोप म्हणे जरा उशिरा लागायची.

वर्षातून एकदा प्रत्येक पतमापन कंपनीकडून आपला पूर्ण अहवाल फुकट मागवता येतो. यथावकाश अण्णांचाही आला. नातवाने मोठ्याने वाचला: 782. घरात पेढे वाटायची भाषा सुरू झाली. अण्णांनी चष्मा पुसला, कागद जवळ ओढला आणि आकडा परत परत पाहिला.

“900पैकी ना? मग हे 118 कशाचे कापले?”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “सहलीचे.”