टीव्हीच्या पुरवणी मागण्या

टीव्ही घ्यायचा ठरला की मराठी मध्यमवर्गीय घरात आधी बजेट मंजूर होतं, आणि तेही एकमतानं. ‘२५ हजारांच्या वर एक रुपया नाही,’ असं बाबा जाहीर करतात, आई बाक वाजवते आणि मुलं गप्प बसतात. हे गप्प बसणं म्हणजे आपला विजय, असं बाबांना वाटतं. वास्तविक राज्यकारभार मुलांना जास्त कळलेला असतो. मार्चमधला अर्थसंकल्प भाषणासाठी असतो. पैसे वाटले जातात ते पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांतून.

पहिली पुरवणी मागणी इंचांची. जुना टीव्ही ३२ इंची, म्हणून नवा निदान ४३ इंची हवा, हे तत्त्व सर्वांना मान्य असतं; आता ३२ घेतला तर त्याला प्रगती कोण म्हणणार? अडचण निघते ती भिंतीवर. हॉलमध्ये सुतारानं सनमायका ठोकून केलेलं ‘युनिट’ असतं आणि त्यातला टीव्हीचा खण २१ इंची डब्याच्या मापाचा असतो. डबा भंगारात गेला, खण राहिला. त्यात सध्या गणपतीतल्या स्पर्धेची ढाल, चिनी मातीचं हत्तीचं पिल्लू आणि राऊटर राहतात. शिवाय खण मोजायचा आडवा आणि टीव्ही विकतात तिरपा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ४३ इंच म्हणजे तिरपे १०९ सेंटिमीटर, रुंदी मात्र साधारण ९५. हा हिशेब लागेपर्यंत घरातली टेप दोनदा हरवते, आणि शेवटी ‘युनिटच काढून टाकू’ हा ठराव आवाजी मतदानानं संमत होतो. टीव्हीच्या बजेटमध्ये सुतार शिरतो तो असा.

इंचांच्या या हौसेत सरकारही मागे नाही. चैन कुठे सुरू होते याची रेषा आपल्या वस्तू व सेवा कर परिषदेनं चक्क फूटपट्टीनं आखली होती. २०१८ च्या जुलैत ६८ सेंटिमीटरपर्यंतचा टीव्ही १८ टक्क्यांत आणला गेला, २०१९ च्या जानेवारीपासून ही सवलत ३२ इंचांपर्यंत गेली, आणि त्यापुढचा प्रत्येक इंच २८ टक्क्यांचा विलासी राहिला. अखेर २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, मोठे टीव्हीही १८ टक्क्यांत आले. करापूर्वी २५ हजारांचा जो टीव्ही ३२ हजारांना पडायचा तो साडेएकोणतीस हजारांना पडू लागला. अडीच हजार रुपये वाचले. हे वाचलेले अडीच हजार बँकेत टाकणारा माणूस महाराष्ट्रात असेलही. बाकीच्यांनी त्यात आणखी थोडे घालून ५० इंची घेतला.

दुसरी मागणी पिक्सेलची, आणि ती मांडतो भाचा. प्रत्येक घराला असा एक भाचा असतो. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो, स्वतः टीव्ही बघत नाही, पण टीव्हीबद्दलचे व्हिडिओ बघतो. ‘मामा, ४के नसेल तर घेऊच नका,’ असं तो बजावतो. ४के म्हणजे आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके. गुणाकार केला तर ८३ लाखांच्या आसपास. फुल एचडीत हेच २१ लाखांच्या आत. आकडा चौपट झाला की मामांचा विरोध मावळतो, कारण आयुष्यात दुसरं काहीच चौपट झालेलं नसतं.

आता डोळ्यांचं म्हणणं ऐकू. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो, त्याहून बारीक नाही. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांच्या पलीकडे गेलात की हे ठिपके एकमेकांत मिसळतात, मग ते २१ लाख असोत की ८३ लाख. आपला सोफा असतो नऊ-दहा फुटांवर. वाढवलेल्या पैशांची मजा घ्यायची तर सोफा साडेपाच फुटांच्या आत ओढावा लागेल, आणि तसा ओढला तर टीपॉय बाल्कनीत जाईल आणि पाहुणे स्वयंपाकघरातून आत येतील. दुकानातला पोरगा ही शंका काढू देत नाही, कारण तो तुम्हाला पडद्यापासून दोन फुटांवर उभं करतो. वर या आकारात आता बहुतेक मॉडेलं ४केच असतात. म्हणजे जे तसंही मिळणार होतं त्यासाठी भाच्यानं दोन संध्याकाळी वाद घातला आणि तीन वेळा चहा प्यायला.

याहून मोठी गंमत घरी पोचल्यावर होते. साधी वाहिनी ७२० बाय ५७६ ठिपक्यांत येते. ते होतात सव्वाचार लाखांहूनही कमी. पडदा ८३ लाखांचा, माल सव्वाचार लाखांचा. उरलेले ७९ लाख ठिपके टीव्ही स्वतःच्या अंदाजानं भरतो. शंभरातले ९५ ठिपके सासूबाईंच्या चेहऱ्यावर टीव्हीनं कल्पनेनं काढलेले, आणि आपण म्हणतो, ‘काय क्लिअर आहे बघ!’

तिसरी मागणी अक्षरांची. खोक्यावर एलईडी, क्यूएलईडी, क्यूएनईडी, यूएलईडी अशी अक्षरं बाराखडीच्या थाटात मांडलेली असतात. यातलं सत्य सांगितलं तर दुकान बंद पडेल, म्हणून हळूच सांगतो: हे सगळे मूळचे एलसीडीच. मागच्या दिव्याच्या जागी ट्यूब जाऊन एलईडी आली, तेव्हा टीव्हीचंच नाव एलईडी झालं. दिव्यापुढे रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर आला, तेव्हा ‘क्यू’ लागला. खरोखर वेगळा तो ओएलईडी. त्यात मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरंच काळा दिसतो. पण त्याची किंमत ऐकली की बाबांच्या डोळ्यांसमोर तो काळा रंग फुकटच येतो.

मग एचडीआर. उन्हाची तिरीप आणि कोपऱ्यातला अंधार दोन्ही एकाच चित्रात नीट दिसावेत, हा त्याचा हेतू. त्यासाठी पडद्याला भरपूर उजेड हवा. स्वस्त पडदे २५०-३०० निट्सच्या आसपास दमतात. असा टीव्ही एचडीआरचा संदेश घेतो, कोपऱ्यात तशी अक्षरं झळकवतो आणि चित्र पहिल्यासारखंच दाखवतो. त्याचा एचडीआरला पाठिंबा असतो, पण बाहेरून. त्यानंतर ‘मोशन रेट १२०’. आत पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलणारा. उरलेले ६० कंपनीच्या जाहिरात खात्यात बदलत असतात. आणि ज्यांनी २०११ च्या सुमारास थ्रीडी टीव्ही घेतला त्यांना विचारा. पुढच्या पाच-सहा वर्षांत कंपन्यांनी थ्रीडी गुंडाळलं. ते काळे चष्मे अजून ड्रॉवरमध्ये जुन्या पासबुकांखाली आहेत. घरात सूर्यग्रहणाच्या वेळी कुणीतरी ते बाहेर काढतं, आणि आजी ओरडून परत ठेवायला लावते.

चौथी मागणी आवाजाची. टीव्ही इतका सपाट झाला की त्यात स्पीकरला जागा उरली नाही. दहा वॉटचे दोन स्पीकर खालच्या कडेला बसवतात, तोंड जमिनीकडे. वर चिकटवलेला स्टिकर मात्र ‘डॉल्बी ॲटमॉस’, म्हणजे आवाज छतावरून यावा अशी अपेक्षा. परिणाम असा की मालिकेतला ढोल, वीज आणि शंख व्यवस्थित ऐकू येतात, आणि ‘तू माझ्या आयुष्यातून निघून जा’ हे मुख्य वाक्य टीपॉयखाली जाऊन पडतं. आजी आवाज ६० वर नेते. खालच्या मजल्यावरचे जोशी सोसायटीकडे तक्रार करतात. मग साउंडबार येतो.

पाचवी मागणी प्रतिष्ठेची, ती मेव्हण्याची. मेव्हण्याचा चिनी मालावर बहिष्कार आहे आणि तो तसा व्हॉट्सॲपवर दररोज सकाळी पाळतो. त्याला हवा जर्मन नाहीतर जपानी टीव्ही. त्याला कसं सांगावं? कोडॅक ही फिल्मचे रोल विकणारी अमेरिकी कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. थॉमसन हे फ्रेंच नाव आणि ब्लाउपुंक्ट हे जर्मन. भारतात या तिन्ही नावांचे टीव्ही परवाना घेऊन बाजारात आणले ते एकाच भारतीय कंपनीनं. तोशिबाचा टीव्ही धंदा २०१८ पासून चीनच्या हायसेन्सकडे आहे. आतली काच तर बहुतेकांची बाहेरून येते, आणि ‘बाहेर’ म्हणजे बहुतांशी चीन. यात फसवणूक कसलीही नाही, टीव्ही चांगलेही निघतात. पण मेव्हण्याला हे ऐकवलं तर तो आपल्या घरी टीव्ही बघायला यायचा नाही. ज्यांना तसं हवं असेल त्यांनी अवश्य ऐकवावं.

सहावी मागणी वित्त खात्याची. आकडा आता ४० हजारांवर पोचलेला असतो आणि बाबांचा चेहरा पाहून दुकानदार ‘नो कॉस्ट ईएमआय’ पुढे करतो. शून्य टक्के व्याज नावाची वस्तू मुळात अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सप्टेंबरमध्ये बँकांना बजावलं होतं. बँका ते ऐकून नम्रपणे हसल्या असाव्यात. तेव्हापासून व्याज शून्य राहतं. रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याला मिळत नाही, प्रक्रिया शुल्क वेगळं लागतं आणि लपलेल्या व्याजावर कर उघडपणे लागतो. व्याज नाही, पण त्यावरचा कर आहे: हे वाक्य समजलेला माणूस पुढच्या वेळी अर्थमंत्री व्हायला हरकत नाही.

वरची किरकोळ खाती: भिंतीवरचा ब्रॅकेट, तो लावणाऱ्याचे पैसे, त्यानं चुकीच्या जागी पाडलेलं भोक बुजवणाऱ्याचे पैसे, एचडीएमआय वायर, वाढीव वॉरंटी. वॉरंटीत सगळं येतं, फक्त जे बिघडतं ते सोडून. टीव्हीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा पॅनेलचा. वॉरंटी संपल्यावर ते गेलं की घरी आलेला मेकॅनिक टॉर्च मारून, मान हलवून, बाराव्याच्या आवाजात ‘नवीनच घ्या’ म्हणतो आणि तपासणीचे पैसे घेतो.

टीव्ही ‘स्मार्ट’ असतोच. स्वस्तातल्या स्मार्टपणाला अनेकदा एक जीबी मेमरी आणि आठ जीबी जागा मिळते. म्हणजे रिमोट दाबावा, आमटीला फोडणी देऊन यावं, तोवर ॲप उघडलेलं असतं. उघडण्याआधी मुखपृष्ठावर जाहिरात. ज्या सोसायटीच्या फाटकावर ‘विक्रेत्यांना सक्त मनाई आहे’ अशी पाटी आहे, तिच्या प्रत्येक हॉलमध्ये आता एक विक्रेता भिंतीला खिळे मारून बसवलेला आहे, आणि त्याचे हप्ते आपण भरतो आहोत.

मग कमी पैशात टीव्ही घ्यावा तरी कसा? सोपं आहे, फक्त थोडा निर्लज्जपणा लागतो. घरातला सोफा ते भिंत हे अंतर मोजून एका चिठ्ठीवर लिहावं. दुकानात पोपट, कापलेली किवी आणि पाण्यात विरघळणारी शाई दाखवणारा तो संथ व्हिडिओ बंद करायला सांगावं, कारण आपल्या घरी पोपट येत नाही. त्या जागी साधी वाहिनी लावायला लावावी, शक्यतो बातम्या, ज्यात सहा चौकटींत सहा जण भांडत असतात आणि खाली तीन पट्ट्या धावत असतात. तिथे जो टीव्ही टिकला तो कुठेही टिकेल. मग चित्राची पद्धत ‘व्हिविड’वरून ‘स्टँडर्ड’वर आणावी, चिठ्ठीतलं अंतर दुकानात पावलांनी मोजावं, मिक्सर बघायला आलेल्या गर्दीतून मागे सरकत जावं आणि तिथून पाहावं. सेवा केंद्र आपल्या गावात आहे का ते विचारावं. रॅम किती, हे विचारावं. एचडीआर, ॲटमॉस, मोशन रेट यांबद्दल काहीही विचारू नये. पोरगा आपणहून सांगू लागला तर त्याच्या गावाची चौकशी करावी.

आत शिरताना हाच पोरगा तुम्हाला ‘सर’ म्हणत होता. ५५ इंचीसमोर ‘साहेब’ झाला होता. चिठ्ठी निघाल्यावर तो ‘दादा’वर येईल, बातम्या लावायला सांगितल्यावर घड्याळाकडे बघेल, आणि शेवटी एका साध्या, बिनस्टिकरच्या ४३ इंचीकडे हनुवटीनं खूण करून ‘काका, मग तो घ्या’ म्हणेल. तो घ्या.